श्रीधराचार्यांचें एक सूत्र व त्याचे दोन पाठ

भास्कराचार्यांनीं आपल्या बीजगणिताच्या शेवटीं असें सांगितलें आहे कीं, ब्रह्मगुप्त, श्रीधर व पद्मनाभ या तिघांचीं बीजगणितें फार विस्तृत असल्यामुळें त्यांतील सार घेऊन आपण हा लहानसा ग्रंथ रचिला. शके १०७२ (इ. स. ११५०) च्या सुमाराचें हें विधान आज वाचतांना मनास चटका बसतो. ज्या तीन ग्रंथांचा त्यांत उल्लेख आहे, त्यांपैकीं ब्रह्मगुप्ताचें बीजगणित ब्राह्मस्फुटसिद्धांताचा अठरावा अध्याय म्हणून वांचलें आहे. राहिलेलीं दोन्ही, म्हणजे श्रीधराचें व पद्मनाभाचें, उपलब्ध नाहींत. सार राहिलें आणि विस्तार गेला. आमच्या मतें या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध असावा. जेथें सुटसुटीत व सोदाहरण पाठ्यग्रंथ मिळाला, तेथें मोठ्या ग्रंथाच्या नकला करण्याचे श्रम कोण घेणार? नक्कल थांबली म्हणजे ग्रंथाचें आयुष्य त्याच्या शेवटच्या पोथीच्या कागदाइतकेंच उरतें.

परंतु श्रीधराच्या बीजगणितांतील एक सूत्र भास्कराचार्यांनीं त्याच्या नांवानिशीं उतरून घेतलें आहे. वर्गसमीकरण सोडविण्याचें हें सूत्र आज शाळेंतील प्रत्येक मुलगा या ना त्या रूपानें शिकतो. तें सर्वांच्या उपयोगाचें असूनही त्याचे नेमके शब्द कोणते, याविषयीं मात्र टीकाकारांत एकवाक्यता नाहीं. पूर्वार्ध सर्वत्र एकच आहे. उत्तरार्धाचे दोन निराळे पाठ आहेत. हे दोन पाठ कोठून आले, त्यांची परीक्षा कोणत्या कसोट्यांनीं करितां येते आणि पोथीसंग्राहकांस या कामीं काय करितां येण्यासारखें आहे, याचा विचार करण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

१. मध्यमाहरण

ज्या समीकरणांत अव्यक्ताचा वर्ग, केवळ अव्यक्त व व्यक्त संख्या असे तीन घटक येतात, त्यांतील मधला घटक नाहींसा करून मूळ काढण्याच्या क्रियेस आपल्या बीजग्रंथांत मध्यमाहरण म्हणतात. नांव अत्यंत अन्वर्थक आहे. वर्ग एकटा असला तर मूळ घेऊन काम भागतें. अव्यक्त एकटें असलें तर भागाकारानें भागतें. दोन्ही एकत्र आलीं म्हणजे मधल्यामुळें अडतें. तें मधलें पद वर्गाच्या पोटांत सामावून घेणें हीच सारी युक्ति.

ही क्रिया आपल्याकडे प्रथम व्यवहारगणितांत दिसते. आर्यभटानें शके ४२१ (इ. स. ४९९) च्या सुमारास गणितपादांत श्रेढीचें गच्छ काढण्याची रीति व व्याजाची एक रीति दिली आहे, त्या दोहोंच्या मुळाशीं वर्गसमीकरणच आहे. समजा, शंभर रुपये एक महिना कर्जाऊ दिले. त्यांचें जें व्याज आलें तेंच पुढें त्याच दरानें चार महिने लाविलें. आणि व्याज व व्याजाचें व्याज मिळून सहा रुपये झाले. तर महिन्याचें व्याज किती? येथें अव्यक्ताच्या वर्गाचा पंचविसावा भाग व अव्यक्त यांची बेरीज सहा होते आणि उत्तर पांच येतें. आर्यभटानें समीकरण मांडून दाखविलें नाहीं. तयार रीति सांगितली. ब्रह्मगुप्तानें शके ५५० (इ. स. ६२८) मध्यें हीच गोष्ट समीकरणाच्या सामान्य रूपांत आणून तिच्या दोन रीति सांगितल्या. एका रीतींत व्यक्त संख्येस वर्गाच्या गुणकाच्या चौपटीनें गुणून तींत अव्यक्ताच्या गुणकाचा वर्ग मिळवावयाचा असतो. दुसरींत वर्गाच्या गुणकानेंच गुणून अव्यक्ताच्या गुणकाच्या अर्धाचा वर्ग मिळवावयाचा असतो.

श्रीधराचा काळ विद्वानांनीं इसवी सनाच्या आठव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान निरनिराळा मानिला आहे. त्याचे पाटीगणितावरील ग्रंथ सुदैवानें वांचले. त्रिशतिका सुधाकर द्विवेदी यांनीं १८९९ मध्यें छापिली. मोठें पाटीगणित एका अपूर्ण पोथीवरून कृपाशंकर शुक्ल यांनीं १९५९ मध्यें लखनौ येथें प्रसिद्ध केलें. बीजगणित मात्र मिळालें नाहीं. म्हणून त्यांतील जें एक सूत्र भास्कराचार्यांच्या कृपेनें आपल्या हातीं आहे, त्याची किंमत मोठी.

२. सूत्राचा अर्थ

सूत्राचा भावार्थ असा: वर्गाचा जो गुणक असेल त्याच्या चौपटीनें दोन्ही पक्षांस गुणावें, मग अव्यक्ताच्या गुणकाच्या वर्गाइतकीं रूपें दोन्ही पक्षांत मिळवावींत, त्यानंतर मूळ घ्यावें. ब्रह्मगुप्ताच्या पहिल्या रीतींत बीज हेंच आहे. पण तेथें तयार उत्तर काढण्याची कृति सांगितली आहे, तर श्रीधर समीकरणाच्या दोन्ही पक्षांवर सारखीच क्रिया करावयास सांगतो. समतेचा भंग कोठेंही होत नाहीं, म्हणून शिष्यास रीतीबरोबरच तिची उपपत्तीही कळते.

भास्कराचार्यांच्या बीजगणितांतील भ्रमरांचें उदाहरण वाचकांच्या परिचयाचें असेल. भुंग्यांच्या एका थव्याच्या अर्धाचें जें वर्गमूळ तितके भुंगे मालतीकडे गेले. सगळ्या थव्याचे आठ नवमांश दुसरीकडे गेले. शेवटीं एक भुंगा कमळांत अडकलेला व त्याच्या गुंजारवास ओ देणारी एक भुंगी, असें जोडपें उरलें. तर एकंदर भुंगे किती? थव्याच्या अर्धाचें मूळ यावत्तावत् मानिलें म्हणजे थवा यावत्तावताच्या वर्गाच्या दुप्पट होतो आणि समच्छेद करून शोधन केल्यावर जुन्या मांडणींत दोन पक्ष असे होतात:

याव २ या ९ रू ०
याव ० या ० रू १८

यांपैकीं वरच्या पक्षांतील ९ हा अंक ऋण आहे. पोथींत त्याच्या माथ्यावर बिंदु असतो. आतां वर्गाचा गुणक २, त्याची चौपट ८. दोन्ही पक्षांस ८ नीं गुणिलें म्हणजे वर याव १६ व ऋण या ७२ आणि खालीं रू १४४ होतात. मूळच्या ९ चा वर्ग ८१ दोन्हीकडे मिळविला म्हणजे खालचा पक्ष २२५ होतो. वरच्या पक्षाचें मूळ या ४ उणे रू ९, खालच्याचें १५. यावरून यावत्तावताचें मान ६ व एकंदर भुंगे ७२ येतात. ताळा पाहावयाचा तर ७२ च्या अर्धाचें मूळ ६, आठ नवमांश ६४ व बाकी २. बेरीज बरोबर ७२.

चौपटीनें गुणण्याचें कारणही येथेंच दिसून येतें. वर्गाच्या गुणकानें गुणिल्यास वर्गाचें पद निःशेष मूळ देणारें होतें, एवढें खरें. परंतु मधल्या पदाचें अर्ध करावें लागतें. ब्रह्मगुप्ताच्या दुसऱ्या रीतीनें वरील उदाहरण केल्यास ९ चें अर्ध साडेचार, त्याचा वर्ग सव्वावीस, तो ३६ मध्यें मिळवून सव्वाछप्पन्न व त्याचें मूळ साडेसात, असा अपूर्णांकांचा प्रवास करावा लागतो. उत्तर तेंच. पण चारनें गुणिल्यामुळें अर्ध करण्याची गरजच राहत नाहीं व पाटीवर सर्वत्र पूर्णांक राहतात. धूळपाटीवर गणित करणाऱ्या शिष्यास ही सोय लहान नव्हती.

३. पाठांचे साक्षीदार

आतां पाठांकडे वळूं. उत्तरार्धाचा एक पाठ कृष्ण दैवज्ञाच्या बीजपल्लव टीकेंत आहे. हिलाच नवांकुरा असेंही म्हणतात. पुण्याच्या आनंदाश्रमानें ती १९३० मध्यें दत्तात्रेय विष्णु आपटे यांच्याकडून संशोधून प्रसिद्ध केली. या पाठाचा आशय असा कीं, पूर्वींच्या अव्यक्ताच्या वर्गाइतकीं रूपें त्याच दोन पक्षांत टाकावींत. मूळ घेण्याचा शब्द यांत नाहीं. तो प्रकरणावरून समजावयाचा. दुसरा पाठ ज्ञानराज व त्याचा पुत्र सूर्यदास यांनीं दिलेला आहे. त्याचा आशय असा कीं, अव्यक्तवर्गाच्या रूपांनीं युक्त असे दोन्ही पक्ष करावेत व मग मूळ घ्यावें. यांत मूळ घेण्याची आज्ञा स्पष्ट आहे. पण ‘पूर्वींच्या’ हा शब्द नाहीं.

या साक्षीदारांची माहिती थोडक्यांत देतों. कारण दोन्ही घराणीं मूळचीं महाराष्ट्रांतील आहेत, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या भारतीय ज्योतिःशास्त्र (१८९६) या ग्रंथापासून त्यांचा वृत्तांत मराठी वाचकांस ठाऊक आहे. ज्ञानराज गोदावरीतीरच्या पार्थपुराचा, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यांतील पाथरीचा. त्याचा सिद्धांतसुंदर हा ग्रंथ शके १४२५ (इ. स. १५०३) चा; बीजगणितावरही त्यानें लिहिलें. त्याचा पुत्र सूर्यदास यानें शके १४६० (इ. स. १५३८) मध्यें भास्कराचार्यांच्या बीजगणितावर सूर्यप्रकाश नांवाची टीका केली व पुढें तीन वर्षांनीं लीलावतीवर गणितामृतकूपिका रचिली. सुलट वाचतां रामाची व उलट वाचतां कृष्णाची कथा सांगणारें विलोमकाव्य रचणारा तो हाच. शब्दांच्या अक्षराअक्षरावर नजर ठेवणारा हा पंडित होता, हें पुढील विवेचनांत लक्षांत ठेवावें. कृष्ण दैवज्ञाचें घराणें विदर्भांतील पयोष्णीतीरच्या दधिग्रामाचें. त्याचा पिता बल्लाळ काशीस जाऊन राहिला. कृष्णाचा बीजपल्लव इ. स. १६०० च्या सुमाराचा असून त्यास जहांगीर बादशहाचा आश्रय होता. सूर्यसिद्धांतावरील गूढार्थप्रकाशक टीकेचा कर्ता रंगनाथ हा त्याचा भाऊ.

येथें संशोधकानें एक सावधगिरी बाळगिली पाहिजे. ज्ञानराज व सूर्यदास हीं नांवें दोन असलीं तरी साक्ष एकच आहे. पुत्रानें पित्यापाशीं अध्ययन केलें आणि एकाच घरच्या पोथ्या दोघांच्या हातांखालीं होत्या असें मानणें स्वाभाविक आहे. तेव्हां एका बाजूस पाथरीची परंपरा व दुसऱ्या बाजूस दधिग्राम-काशीची परंपरा, असा एकास एक सामना आहे. पाथरीची साक्ष सुमारें साठ ते शंभर वर्षांनीं जुनी आहे; पण भास्कराचार्य दोघांच्याही मागें साडेतीनशें वर्षांहून अधिक दूर आहेत. एवढ्या अंतरावर साठ वर्षांचा वडीलपणा निर्णायक म्हणतां येत नाहीं.

४. तीन कसोट्या

गणिताच्या पोथीस इतर पोथ्यांस नसलेला एक गुण आहे: तिचा खरेखोटेपणा तिच्याच पोटांत तपासतां येतो. बखरींत एखाद्या सालाचा अंक चुकला तर दुसरा कागद मिळेपर्यंत तो तसाच राहतो. गणितांत अंक चुकला तर गणितच आरडाओरड करतें. भ्रमरांच्या उदाहरणांत नक्कल करणारानें ९ वरील बिंदु गाळला असें समजूं. मग ऋणाचें धन झालें. मिळवावयाचीं रूपें तींच ८१, खालचा पक्ष तोच २२५. पण वरचें मूळ या ४ अधिक रू ९ असें होऊन यावत्तावत् दीड येईल, आणि थव्यांतील भुंगे साडेचार भरतील! एका टिंबामुळें भुंग्याचे दोन तुकडे झालेले पाहून वाचकास पोथींतील दोष तत्काळ कळतो व दुरुस्तही करितां येतो. म्हणून पहिली कसोटी कर्माची, म्हणजे गणित करून पाहण्याची.

ही कसोटी आपल्या दोन पाठांस लावूं. दुसऱ्या पाठांत ‘अव्यक्तवर्गाचीं रूपें’ असा शब्दप्रयोग असल्यामुळें त्याचे तीन अर्थ संभवतात. एक, अव्यक्ताच्या गुणकाचा वर्ग, म्हणजे ८१. दोन, जो अव्यक्तवर्ग त्याचा गुणक, म्हणजे २. आणि असा भ्रम होणें अगदीं शक्य आहे, कारण पूर्वार्धांत वर्ग या शब्दानें वर्गाचा गुणकच सांगितला आहे. तीन, गुणाकार केल्यानंतर जो नवा गुणक झाला त्याचा वर्ग, म्हणजे ७२ चा वर्ग ५१८४. दोन्ही पक्षांत २ मिळविले किंवा ५१८४ मिळविले, तरी वरच्या पक्षाचें निःशेष मूळ मिळत नाहीं. ८१ मिळविले म्हणजेच मिळतें. तेव्हां अर्थाचा निर्णय निःसंशय होतो. पण शब्दांचा होत नाहीं. कारण योग्य अर्थ घेतला म्हणजे दोन्ही पाठ एकच कर्म सांगतात. जी कसोटी अंकाच्या पाठास निर्णायक, ती येथें दोघांसही उत्तीर्ण करून मोकळी होते.

दुसरी कसोटी छंदाची. सूत्र आर्याजातीच्या वृत्तांत आहे. पूर्वार्धाच्या मात्रा १२ व १५ मिळून २७ होतात. सूर्यदासाच्या पाठाप्रमाणें उत्तरार्धाच्याही २७ मात्रा भरतात. ती उपगीति झाली. कृष्णाच्या पाठाप्रमाणें उत्तरार्धाच्या १२ व १८ मिळून ३० मात्रा होतात. ती उद्गीति झाली. गण पाडून पाहिले तर सहावा गण उपगीतींत एकच लघु व उद्गीतींत जगण, असा जेथें जो पाहिजे तेथें तो आहे. म्हणजे छंदाच्या दृष्टीनें दोन्ही निर्दोष. मात्र यांतून एक गोष्ट निष्पन्न होते, व ती महत्त्वाची आहे. नकलकाराच्या हातून अक्षर चुकल्यानें उत्पन्न होणारा पाठभेद सामान्यतः वृत्त मोडतो. येथें दोन्ही उत्तरार्ध पूर्ण, निर्दोष व एकमेकांपासून सर्वस्वीं भिन्न आहेत. अर्थात् हा लेखकाचा प्रमाद नव्हे. कोणा तरी जाणत्या पंडितानें बुद्धिपुरःसर केलेली रचना एका बाजूस असली पाहिजे.

तिसरी कसोटी पाठशुद्धीच्या सामान्य न्यायाची: क्लिष्ट पाठापासून सुबोध पाठ होतो, सुबोधापासून क्लिष्ट सहसा होत नाहीं. सूर्यदासाच्या पाठांत वर दाखविल्याप्रमाणें संदिग्धता आहे. कृष्णाच्या पाठांत ‘पूर्वींच्या’ या एका शब्दानें ७२ चा भ्रम दूर होतो व षष्ठीच्या योजनेनें २ चाही होतो. शिष्यांस शिकवितांना वारंवार हीच अडचण आलेल्या एखाद्या आचार्यानें उत्तरार्ध नव्यानें बांधला असावा, ही कल्पना सहज सुचते. उलट स्पष्ट असलेला शब्द काढून टाकून संदिग्ध शब्द घालण्याचें कारण कोणास पडावें? या न्यायानें पाहतां सूर्यदासाचा पाठ अधिक जुना ठरतो, आणि आमचा कल तिकडे आहे.

तथापि दुसरी बाजूही मांडणें आमचें कर्तव्य आहे. सूर्यदासाच्या पाठांत ‘मग मूळ घ्यावें’ ही जी सोय आहे, तीही शिक्षकाच्याच हातची असूं शकेल. कारण कृष्णाच्या पाठांत क्रिया पक्ष सिद्ध करण्यापाशींच थांबते. म्हणजे एका पाठानें एक अडचण दूर केली, दुसऱ्यानें दुसरी. शिवाय भास्कराचार्यांनीं सूत्र ग्रंथ समोर ठेवून उतरलें कीं मुखोद्गत होतें तसें लिहिलें, हाही प्रश्न आहे. कारण त्यांच्यापाशींच एक रूप असून श्रीधराच्या मूळ ग्रंथांत दुसरें असणें अशक्य नव्हे. तसें असल्यास मूळ ग्रंथ पाहिलेल्या कोणी पुढील पंडितानें भास्करीय पोथींत मूळचा पाठ घातला, असेंही घडूं शकेल. आणि मग दोन्ही पाठ आपापल्या परीनें खरे ठरतील.

५. दोन मूळें व पद्मनाभ

याच प्रकरणांत नष्ट ग्रंथाचा दुसरा एक अवशेष आहे, तोही येथें नोंदणें उचित होईल. वर्गसमीकरणास दोन उत्तरें येतात. वानरांच्या कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनांत खेळत आहे व १२ वानर टेकडीवर आहेत, या उदाहरणांत कळप ४८ चाही होतो व १६ चाही होतो. ४८ चा अष्टमांश ६, त्याचा वर्ग ३६, आणि १६ चा अष्टमांश २, त्याचा वर्ग ४. दोन्ही उत्तरें भास्कराचार्य ग्राह्य मानितात. पुढच्या उदाहरणांत कळपाच्या पंचमांशांतून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतके वानर गुहेंत गेले व एक फांदीवर दिसला. येथें ५० व ५ अशीं दोन उत्तरें येतात. परंतु ५ चा पंचमांश १, त्यांतून ३ जात नाहींत. जबरदस्तीनें घालविले तर ऋण २ वानरांचा वर्ग करावा लागतो. अशा ऋण व्यक्तावर लोकांचा विश्वास बसत नाहीं, म्हणून हें दुसरें उत्तर घेऊं नये, असें आचार्य सांगतात.

अव्यक्त पक्षाच्या मुळांतील ऋण रूपांहून व्यक्त पक्षाचें मूळ लहान असल्यास तें धन व ऋण असें दोन्ही प्रकारें घेऊन दोन मानें येतात, हा नियम पद्मनाभाचा म्हणून भास्कराचार्यांनीं उद्धृत केला आहे, आणि लागलीच त्यास प्रतिउदाहरण दिलें आहे. बारा अंगुळांच्या शंकूच्या छायेंतून कर्णाचा तृतीयांश वजा केला असतां १४ अंगुळें राहतात; तर छाया किती? नियमाप्रमाणें साडेबावीस व नऊ अशीं दोन उत्तरें येतात. साडेबावीस छायेस कर्ण साडेपंचवीस, त्याचा तृतीयांश साडेआठ, बाकी १४, बरोबर. पण नऊ ही छाया मुळांत चौदांहूनच लहान. तींतून कांहीं वजा जाऊन चौदा राहणार कसे? म्हणून नियम सर्वत्र चालत नाहीं, क्वचित् चालतो, असा आचार्यांचा सिद्धांत.

पोथीसंशोधकाच्या दृष्टीनें यांतील मर्म असें कीं, पद्मनाभाचा हा नियम आपणांस त्याच्या खंडनामुळें मिळाला. श्रीधराचें सूत्र आदरानें उद्धृत झालें म्हणून राहिलें, पद्मनाभाचें दोष दाखविण्यासाठीं उद्धृत झालें म्हणून राहिलें. म्हणूनच टीका, खंडनें, समासांतील टिपा यांस दुय्यम समजून बाजूस टाकणें हें इतिहासाचें मोठें नुकसान आहे.

६. संग्राहकांस विनंति

ग्रंथ टिकावे म्हणून आपल्या पूर्वजांनीं कधीं कधीं मोठी व्यवस्था करून ठेविली होती. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ मध्यें उजेडांत आणिला व पुढें कीलहॉर्न यांनीं तो एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या भागांत संशोधून छापिला. त्यांत भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता, त्यानें आजोबांचे ग्रंथ पढविण्यासाठीं स्थापिलेल्या मठाचा उल्लेख आहे. निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्या मठास दान दिलें. लेखांत शक ११२८ आहे. दिवस ९ ऑगस्ट १२०७ ठरविण्यांत आला आहे. शेवटच्या ओळी तर जुन्या मराठींत असून मठास द्यावयाच्या करांची व हक्कांची त्यांत नोंद आहे. ज्या भूमींत बीजगणित पढविण्यासाठीं राजदान मिळत होतें, त्याच भूमींत पुढें तीन शतकांनीं पाथरीस त्यावर टीका लिहिली गेली. मधल्या काळांतील पढणारांच्या हातच्या नकलांचा शोध लागला तर प्रस्तुत वादाचा निकाल लागण्यासारखा आहे.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं बीजगणिताची पोथी असेल त्यांस आमची विनंति अशी. मध्यमाहरणाच्या प्रकरणांत श्रीधराचें नांव कोठें येतें तें पाहावें व त्याखालील सूत्राचा उत्तरार्ध जशाचा तसा, दुरुस्ती न करितां, उतरून घ्यावा. पोथी केवळ मूळाची आहे कीं सटीक, हें नोंदावें. सटीक असल्यास टीका कोणाची हेंही लिहावें, कारण टीकेबरोबर आलेला पाठ टीकाकाराचा असतो व निव्वळ मूळाच्या पोथींतील पाठास स्वतंत्र साक्षीचें मोल येतें. शेवटचा लेखनशक, स्थळ व लेखकाचें नांव असल्यास टिपून ठेवावें. विशेषतः समासाकडे लक्ष द्यावें. मूळांत एक पाठ व समासांत दुसरा, किंवा ओळींच्या मध्यें बारीक अक्षरांत ‘पूर्व’ असा शब्द लिहिलेला, अशी एखादी पोथी मिळाली, तर सुबोध पाठ कसा जन्मास आला हें प्रत्यक्ष डोळ्यांनीं दिसेल.

आणखी एक. जोशी घराण्यांच्या दप्तरांत पंचांगें, ग्रहलाघव, लीलावती यांच्यामध्यें आदिअंत नसलेलीं सुटीं पानें असतात. नांव नाहीं म्हणून तीं निरुपयोगी समजलीं जातात. अशा पानांवर याव, या, रू, काळक, नीळक अशीं अक्षरें व माथ्यावर टिंब असलेले अंक दिसल्यास तें बीजगणिताचें पान आहे असें समजावें. त्यांतील उदाहरणें भास्कराचार्यांचीं आहेत कीं नाहींत हें मुद्रित पुस्तकाशीं ताडून पाहण्यास अर्धा प्रहर पुरे. जुळलीं तर एक पोथी ओळखली गेली. न जुळलीं तर तें पान अधिकच जपून ठेवावें. कारण ज्या दोन विस्तृत ग्रंथांचें सार तेवढें आपल्या हातीं आहे, त्यांपैकीं एकाचें तें पान नसेलच असें कोणी म्हणावें? बख्शाली गांवीं १८८१ मध्यें जमीन खणतांना भूर्जपत्रांचा एक जुडगा निघाला आणि भारतीय गणिताच्या इतिहासास एक नवें प्रकरण जोडलें गेलें. आपल्या दप्तरांचीं फडकीं सोडावयास तर खणावेंही लागत नाहीं.